कबरी : निरंक

शताब्दीच्या स्मरणिकेसाठी इतिहासाची दोन पानं द्या,
म्हणाले फादर. फोटो असला तर जोडा.
फोटो एकच आहे. त्यात घंटा आहे,
घंटेखाली कुणाचं तरी हललेलं डोकं.

पहिलं देऊळ तुराट्यांचं.
चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, कडूबाई अजून म्हणते.
वर गवत, खाली शेणाचं सारवण,
बाप्तिस्म्याला घागरभर पाणी, गंगेचंच.
पावसात गळायचं, एका उन्हाळ्यात जळालं.
वही वाचली. तिच्यात फ्रेंच फादरच्या तिरक्या अक्षरात
आडनावांची दैना: त्रिभुवनचं तिरबोन,
शिनगाऱ्यांच्या जागी नुसता शाईचा ठिपका.

छप्पनच्या दुष्काळाची बारा पानं
एका हातानं, एका शाईत भरलेली.
नाव, वय, ज्वर. नाव, वय, ज्वर.
पुढे वय नाही.
त्याच्या पुढे नाव नाही.

दुसरं देऊळ दगडी, गंगेच्या काठाला.
जागेचा कागद उर्दूत, तहसीलचा शिक्का,
वाचायला गंगापूरहून काझी यायचे
आणि दर खेपेला थोडं वेगळं वाचायचे.
चुन्याची घाणी फिरली, भिंती उभ्या राहिल्या,
फरशीपाशी पैसा संपला.
तेव्हा बायांनी जाती दिली,
झिजून झिजून टाकी न धरणारी, खालची तळी,
मधे खुंट्याचं भोक तसंच.
गुडघे टेकले की माझं बोट त्या भोकात.
लहानपणी मी देवाशी जे काही बोललो
ते तेवढंच.

मग धरण.
मोजणीचे साहेब देवळाच्या पायरीवर बसले, चहा घेतला.
पक्की घरं सात, कच्ची एकसष्ट, विहिरी तीन,
फळझाडं चौदा, धार्मिक स्थळ एक.
शांतवन मास्तर म्हणाले, साहेब, आमची माती राहिली.
साहेब जाऊन बघून आले.
दगडांवर नावं कुठायत? म्हणाले,
आणि शेऱ्यात लिहिलं, कबरी : निरंक.

घंटा बैलगाडीतून हलवली, आत कडबा कोंबून.
लोक सांगतात, चाक खड्ड्यात गेलं
तेव्हा ती एकदा आपोआप वाजली.
मी गाडीत होतो. वाजली नाही.

तिसरं देऊळ नव्या गावठाणात. आधी पत्र्याचं, आता स्लॅबचं.
सहा पंखे, सहाही पंख्यांवर देणाऱ्यांची नावं.
याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही,
माणसं अजून जिवंत आहेत.

पण एका वर्षी पाणी मागे गेलं, फार मागे.
भोयांची पोरं सांगत आली, तुमचं काहीतरी वर आलंय.
भेगाळल्या गाळातून चाललो, शिंपले पायांना लागत होते.
भिंती नव्हत्या. फरशी होती.
कडूबाई वाकली, एक तळी पदरानं पुसली.
"ही आमच्या सासूची. कड तुटलेली बघ, भांडणात."
कुणाच्या भांडणात, ते सांगेना.
मग बाकीच्या बाया वाकल्या.
मी खिशातल्या लाइटबिलामागे लिहीत गेलो:
राहेल, मोठी मार्था, धुरपदा, सालोमी,
पारू, जी नंतर परत गेली आपल्या देवाकडे
पण जातं मागायला आली नाही.
तळी एकतीस. नावं सव्वीस.
पाच तळ्यांभोवती बाया नुसत्या उभ्या राहिल्या.

आणि माती? मी विचारलं.
कडूबाईनं हात केला तिकडे
कुणीतरी गाळपेर केली होती, टरबुजांचे वेल,
हिरवंगार, नांगराची गरज नसलेलं रान.
राखणदार पोरगं म्हणालं, घ्या की एक, पैसे नको.
दगडावर आपटून फोडलं.
लाल निघालं. गोड होतं.
"हे नको लिहू रे स्मरणिकेत," कडूबाई म्हणाली,
आणि थुंकलेल्या बिया
पदराच्या गाठीत बांधून घेतल्या.